पाठवणीचा क्लॅरोनेट

गणपतीला वरच्या दातांनी दगा दिला. बाकी माणूस दणकट. छाती भात्यासारखी, बोटं अजून पळती. पण क्लॅरोनेटचं तोंड वरच्या दातांखाली दाबून धरावं लागतं, आणि तेच दात एकेक करून हलायला लागले. दात हलला की सूर हलला. डॉक्टर म्हणाला, सगळे काढायला लागणार, कवळी बसवू.

"कवळीवर वाजतंय का?" गणपतीनं विचारलं.

"काय वाजतंय?"

"क्लॅरोनेट."

डॉक्टरनं जरा विचार केला. "भाकरी खाता येईल," म्हणाला.

घरी येऊन त्यानं हे बायकोला, शालनला सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "मग भाकरी खावा. तीस वरसं वाराच खाल्लासा." बोलली खरी. पण त्या दिवशी ती स्वतः जेवली नाही.

हे दोन हजार पाच सालचं. गणपती बाळासोच्या बँडात वाजवायचा, आणि बँड ठरवायला आलेली माणसं आधी विचारायची, गणपा हाय न्हवं? नसला तर तारीख पुढं ढकलणारे पण होते. कारण वरात कुणीही वाजवतं, पाठवणी गणपतीनं वाजवावी. त्याची एक धून होती. कुठल्या सिनेमातली नाही, कुणी शिकवलेली नाही, आपोआप जमत गेलेली. बायका म्हणायच्या, गणपाचा क्लॅरोनेट सुरू झाला की पोरीला रड म्हणून सांगायला लागत न्हाय.

त्यात काय होतं? तो सुरावर सरळ कधी बसायचा नाही. आधी फुंक यायची, फुस्स करून. मग सूर खालच्या अंगानं सरपटत वर यायचा आणि जागेवर बसायचा. थोरलं माणूस दारात आधी खाकरतं, मग आत येतं, तसं. हे त्याचं त्याला माहीत नव्हतं. ऐकणाऱ्यालाही सांगता आलं नसतं. पण लांबनं, बिंदू चौकातल्या मिरवणुकीच्या कालव्यातसुद्धा, लोक वळखायचे. गणपा आला.

पोरगा प्रसेनजीत. बारावीत आपटला आणि राजारामपुरीत एका कॉम्प्युटर जोडायच्या दुकानात लागला. शिकवलं कुणी नाही. खोलायचं, जाळायचं, परत जोडायचं, असं करत शिकला. रात्री एका ऑर्केस्ट्रात कीबोर्ड. घरात स्वतः जोडलेला एक कॉम्प्युटर, त्याची पेटी कायम उघडी, पंख्याची पाती दिसायची. शालन त्याला 'तुझं आतडं' म्हणायची. "तुझं आतडं बाजूला घे, मला झाडायचं हाय."

दात काढायच्या आधी प्रसेनजीत म्हणाला, "आबा, तुमचा एकेक सूर मशिनीत भरून ठेवूया. मग कीबोर्डची कळ दाबली की तुमचाच क्लॅरोनेट वाजतोय."

"कळ दाबून?"

"कळ दाबून."

"मग मी काय करू?"

"कळ दाबा."

गणपती हसला. दात होते तोवरचं ते हसणं.

भिंतींना वाकळा टांगल्या. पंखा बंद. दार लावून धाकटी निशा बाहेर राखणीला, गल्लीतल्या पोरांना गप करायला. आत गणपती घामानं निथळत एकेक सूर लांब धरायचा आणि प्रसेनजीत म्हणायचा, "परत."

"लेका, सा म्हंजे सा. किती येळा घेतोस?"

"हळू एकदा, जोरात एकदा."

"माझ्या गुरूनं बी येवढं रगाडलं न्हाय मला."

दाराच्या फटीतनं निशा म्हणाली, "आबा, तुमी आता मशिनीत चाललासा. आम्ही जेवायला कुणाला हाक मारायची?"

मध्येच लाईट गेली. आली. परत पहिल्यापासनं. पण सगळे सूर निघाले. आठवड्यानं दात गेले आणि कवळी आली. गणपतीनं एकदा गुपचूप वाजवून बघितलं. कवळी सटकली, क्लॅरोनेट 'ची' करून ओरडला. त्यानं तो पुसला, पेटीत ठेवला, पेटी कपाटावर गेली.

दुसऱ्या साली निशाचं जमलं. मुलगा गारगोटीकडचा, मास्तर, आपल्यातलाच, माणसं साधी. लग्न मे महिन्यात, विहाराच्या पटांगणात. घरात सगळी आनंदात, आणि गणपती मात्र गप. एक दिवस शालननं बघितलं, माणूस स्टुलावर चढून पेटी खाली काढतोय. काढली, उघडली, क्लॅरोनेटवरनं नुसता हात फिरवला, परत वर ठेवली.

ती प्रसेनजीतला म्हणाली, "गारगोटीपासनं चंदगडापतोर किती पोरी ह्येनी वाटंला लावल्या. आपल्या पोरीच्या टायमाला हात बांधून हुबं ऱ्हायाचं. त्येच खातंय त्यास्नी."

प्रसेनजीत तडक आबाकडं गेला. "निशाच्या पाठवणीला तुमीच वाजवायचं. तुमचेच सूर हायत, तुमचीच बोटं. मशीन मी बघतो."

गणपतीला बाजाची पेटी थोडी यायची. वस्तीतल्या गाण्याच्या पार्टीत कधीमधी बसायचा. दुसऱ्या दिवशी तो अंघोळ करून, केस विंचरून कीबोर्डपुढं येऊन बसला.

कळ दाबली. काही नाही. मग सूर आला.

परत दाबली. परत तसंच.

"मागनं यायलंय की ह्ये."

"थोडंच हाय आबा. वाजवा तुमी."

गणपतीनं धून धरली. पण बोट पडल्यावर सूर ऐकू येईपर्यंत तो थांबायचा, मग पुढचं बोट. त्याच्या थांबण्यानं धून आणखी हळू, धून हळू म्हणून तो आणखी थांबायचा. शेवटी सगळं चढणीला लागलेल्या बैलगाडीसारखं झालं. नेमका बाळासो बसला होता चहा पीत.

"पश्या, तुझ्या मशिनीला कमी ऐकू येतंय काय गा? गणपा हाक मारतोय आन ती निवांत 'आं?' म्हणतीया."

सगळे हसले. आबा पण हसला. प्रसेनजीतला ते लागलं. त्याला कुणी काही म्हटलं तर चालायचं, मशिनीला म्हटलेलं चालायचं नाही.

तिथनं तो त्या उशिराच्या मागं लागला. कळ दाबली की कॉम्प्युटर सूर लगेच सोडत नाही. आधी एका भांड्यात थोडा भरतो, भांडं भरलं की ओततो. त्या भांड्याला बफर म्हणतात आणि त्या उशिराला लेटन्सी, हे त्याला दसरा चौकातल्या नेटकॅफेत समजलं. इंग्रजी अर्धं कळायचं, अर्धं अंदाजानं. भांडं लहान केलं तर सूर लवकर येणार. केलं. पण मशीनला एवढ्या घाईनं भरणं जमेना. सूर तडतडायला लागला, तापल्या तेलात पाणी पडल्यागत.

"आता कढई ठेवलायस व्हय?" आतनं शालन.

मग नेटवरनं एक फुकटचा प्रोग्राम उतरवला, आवाज लवकर सोडणारा ड्रायव्हर. दुकानातनं रॅमची पट्टी उसनी आणून घातली. सूर डिस्कवरनं वाचायला लागू नयेत म्हणून सगळे आधीच मेमरीत घेतले. मशिनीतलं बाकीचं जे जे चालू होतं ते बंद केलं, घड्याळसुद्धा. उशीर घटत गेला. बैलगाडी सायकलवर आली. पण पुसटसा राहिलाच. पापणी लवावी एवढा. आबाच्या बोटाला तो कळायचा, प्रसेनजीतच्या कानाला कळायचा.

गणपती म्हणाला, "आता ऱ्हाऊ दे. येवढं चालतंय."

"चालत न्हाय आबा. बँडासंगट वाजवायचं हाय. ताशा थांबतोय व्हय तुमच्यासाठी?"

"ताशा कवाच थांबत न्हाय. मीच जरा आधी निघतो. क्लॅरोनेटला बी तसंच की. आधी फुकायचं, मग सूर. मला सवय हाय त्येची."

आणि खरंच, त्या दोन-तीन दिवसांत त्याची बोटं सुराच्या जरा पुढं चालायला लागली होती. धून बसत आली होती. एकदा तर शालन परातीत पीठ घेऊन दारात येऊन उभी राहिली आणि तशीच परत गेली. प्रसेनजीतनं हे बघितलं. बघितलं आणि सोडून दिलं. त्याच्या डोक्यात तो उरलेला उशीर होता. आबानं जमवून घेतलं म्हणजे मशीन हरली, असं त्याला वाटायचं. आणि बाळासो अजून भेटल्यावर कानामागं हात धरून 'आं?' करायचा.

सोमवारी दुकान बंद. आबा पत्रिका वाटायला गेलेला. प्रसेनजीतनं एका सुराचं रेघांचं चित्र पडद्यावर मोठं करून बघितलं. सुरवातीला बारीक रेघ, मुंग्यांची रांग चालल्यागत. मग एकदम डोंगर. डोंगर म्हणजे सूर. मग ही रांग कशाला? ती संपेपर्यंत कान वाट बघत बसतो. त्यानं कानाला हेडफोन लावला. फुस्स, आणि खालनं वर सरकणारं काहीतरी अर्धवट. वाऱ्याचा आवाज. कचरा, तो मनात म्हणाला. डोंगराच्या पायथ्याशी खूण केली, रांग कापली, कळ दाबली.

सूर बोटाबरोबर आला. एकदम.

प्रसेनजीत खुर्चीतनं उठून घरात एक चक्कर मारून आला. सापडलं होतं.

जन्मापासनं ज्या आवाजावर तो झोपला, उठला, जत्रेत हरवल्यावर ज्याच्या मागं मागं चालत बापापर्यंत पोचला, त्या आवाजाचं तोंड त्यानं कापलं होतं. कळलं नाही. कसं कळणार, त्या दुपारी तो डोळ्यांनी ऐकत होता.

मग सगळेच सूर घेतले. एक उघडायचा, पायथा बघायचा, कापायचा, पुढचा. लाईट जायची वेळ जवळ येत होती म्हणून घाई. प्रत्येक वेळी मशीन विचारायची, जुन्याच्याच जागी ठेवू का? पहिल्यांदा त्याचा हात थांबला होता. पण डिस्क गाण्यांनी आणि पिक्चरनी गच्च. दुकानातनं सीडी आणून त्यावर उतरवून ठेवू, असं तो गेलं वर्षभर म्हणतच होता. त्यानं एंटर दाबलं. नंतर विचारण्याआधीच दाबत गेला.

पुढं कितीतरी दिवस तो गेलेल्या फायली शोधायचे प्रोग्राम त्या डिस्कवर चालवत बसणार होता. दुकानाच्या मालकालाही विचारणार होता. जुन्यावर नवं लिहिलं की खालचं कुठनं निघणार? आणि परत भरून घ्यायचं म्हटलं तर आबाला दात कुठं होते?

पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी तो खूश होता. आबाला हाताला धरून आणलं, बाळासोला मुद्दाम बोलावलं.

"आता बघा. ताशा काय, बंदूक उडाली तरी बरोबरीनं येणार."

गणपतीनं कळ दाबली. सूर आला. गणपतीनं हात मागं घेतला, जणू चटका बसला. मग परत टेकवला. धून सुरू केली. बोटं आधी पुढं पळायची ती आता मागं आणायला लागली, पण जमलं. पूर्ण वाजवली. परत एकदा वाजवली. दुसऱ्यांदा वाजवताना तो बोटांकडं बघत नव्हता, स्पीकरकडं बघत होता.

"येळंत यायलंय न्हवं?"

"येळंत यायलंय."

"मग?"

"मग काय. झ्याक की." गणपतीनं बोटं पायजम्याला पुसली. "लई राबलास."

बाळासो म्हणाला, "व्हय गा, ऐकू यायला लागलं की तुझ्या मशिनीला." प्रसेनजीतनं त्या दिवशी तेवढंच ऐकलं. आबा उठून बाहेर कट्ट्यावर जाऊन बसला, आणि पुढं लग्नापर्यंत, एकदा वाजवून बघूया का म्हटलं की म्हणायचा, "बोटात बसलंय. कशाला सारखं सारखं."

लग्न चांगलं झालं. वंदना झाली, पंचशील झालं, पांढऱ्या साडीतली निशा हार घालताना हसली ती सगळ्यांना दिसली. पंगती उठल्या. उन्हं कलल्यावर पाठवणीची गडबड सुरू झाली. मांडवाच्या कडेला बँडची माणसं उभी, त्यांच्या मधोमध टेबलावर कीबोर्ड, टेबलाखाली चादरीत झाकलेलं आतडं, मागं मांडववाल्याचा जनरेटर. गणपती नवा सदरा घालून स्टुलावर बसला होता. बँडातली जुनी माणसं त्याच्या पाया पडून गेली. एक जण म्हणाला, "गणपतीदा, आज आमी मागं, तुमी पुढं."

निशानं आईच्या गळ्यात पडून सकाळीच रडून घेतलेलं. आता ती सगळ्यांना भेटत भेटत रस्त्यावर लावलेल्या ट्रॅक्स गाडीकडं निघाली. आबाच्या पाया पडली. आबा म्हणाला, "जा. मी वाजवतो." ती मान हलवून गेली.

प्रसेनजीत तिची बॅग घेऊन पुढं गेला होता. बॅग मागं टाकली, दार लावलं, खिडकीवर हात ठेवून उभा राहिला. मागनं ताशानं टिप्परचा ठेका धरला आणि क्लॅरोनेट सुरू झाला. बोटाबरोबर. ताशाबरोबर. कुठं म्हणून कुठं मागं नाही. प्रसेनजीतची छाती फुगली.

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली.

"थांबा की जरा," निशा म्हणाली.

"ताई, अंधाराच्या आत पोचायचं हाय. रस्ता बघितलाय न्हवं?"

"जरासं. माझे आबा वाजवणार हायत. त्येंचं झालं की जाऊया."

नवरामुलगा म्हणाला, "थांब रे दोन मिनिटं." ड्रायव्हरनं गाडी बंद केली.

प्रसेनजीतला वाटलं ती चेष्टा करतीय. चेष्टा करायचीच ती. "निशे, वाजवत्यात की."

"कुठं?"

"ह्ये काय."

तिनं मान वाकडी करून ऐकलं. मधे बायकांचा कालवा होता, तो तिनं हातानं गप करायचा प्रयत्न केला. "ह्ये? ह्ये बाळासोकाकांनी नवीन पोरगं आणलंय न्हवं?"

मग तिनं भावाच्या तोंडाकडं बघितलं.

"व्हय व्हय," ती घाईनं म्हणाली. "आबाच हायत. गर्दीत कळंनाच की मला." पदर सारखा केला. थोडा वेळ ऐकल्यासारखं केलं. "छान हाय, दादा."

आहेर उघडून बघितल्यावर पावण्यांना म्हणतात तसं ती छान म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते. ती समोर बघत बसली, हात मांडीवर, अजून काहीतरी सुरू व्हायचंय अशी. प्रसेनजीतनं पहिल्यांदा नीट ऐकलं. सूर येत होते. वेळेवर, एकापाठी एक, शाळेतली पोरं रांगेनं वर्गात जातात तसे. त्यातला एकही घरातला नव्हता.

"चला," निशाच म्हणाली शेवटी. "उशीर हुतोय."

गाडी गेली. वळणावर दिसेनाशी झाली तरी मागं धून चालूच होती. मग थांबली.

प्रसेनजीत मांडवात आला तेव्हा बँडवाले चहाला गेले होते. गणपती स्टुलावरच बसला होता, हात मांडीवर.

"गेली?"

"गेली."

"ऐकलं का तिनं?"

प्रसेनजीत खाली वाकून वायर गुंडाळायला लागला. "ऐकलं की. गाडी थांबवून ऐकलं."

"रडली?"

"लई रडली आबा."

"मग बरं झालं." गणपतीनं सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं. "मला आपलं वाजवताना सारखं वाटत हुतं, कोण वाजवतंय ह्यो."

प्रसेनजीतच्या हातातली वायर तशीच राहिली. सांगायला पाहिजे होतं. त्या सोमवारचं, त्या बारीक रेघेचं, तिनं विचारलं त्याचं. तोंडापर्यंत आलं पण होतं.

"आबा—"

"चल. तुझ्या आईनं सकाळपासनं काय खाल्लं न्हाय. तिला जेवायला बसवूया." गणपती गुडघ्यावर हात टेकून उठला आणि आचाऱ्याच्या तंबूकडं चालायला लागला.

टेबलाखाली पंख्याची पाती फिरतच होती. मांडववाला लांबनं ओरडला, "जनरेटर बंद करायचा का?" प्रसेनजीतनं एक कळ दाबून बघितली. सूर दाबल्या दाबल्या आला. तो म्हणाला, "करा."